वीतभर काठाचा फोटो : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की यावेळी सूर्यास्त नको, धरणाची भिंत नको, पुलावरनं दिसणारी तापी पण नको, फक्त पाण्याच्या काठावरची वीतभर-हातभर जागा घ्या आणि तिचा फोटो पाठवा. फोटो आले भरपूर, पण प्रश्न त्याहून जास्त आले, म्हणून यावेळचं पान सगळं प्रश्नांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटल्यामुळे सगळ्यांचीच नावं काढून गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (वरणगाव): दादा, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला ओल्या काळ्या दगडावर केळीच्या पानाचा पिवळा पडलेला फाटका तुकडा अडकलेला होता, बाजूला फेस, दगडात एक पांढरी रेघ. जागेवर मला ते फार भारी वाटलं. घरी येऊन बघितलं तर काहीच वाटेना. मिस्टर म्हणतात एवढं लांब जाऊन कचऱ्याचा फोटो काढून आणलास. नेमकं चुकलं काय?

उत्तर: ताई, कचरा बिलकुल नाहीये, विषय एकदम मस्त सापडलाय तुम्हाला. पण मिस्टरांना तसं का वाटलं ते सांगतो, त्यांची नजर पानापर्यंत पोचलीच नाही. फोटोत नजर आधी जातच मुळी जिथं जास्त उजेड असतो तिथं, नाहीतर जिथं काळ्याला लागून एकदम पांढरं येतं तिथं, विषय कुठला आहे त्याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. तुमच्या फोटोत सगळ्यात उजळ काय आहे तर वरच्या उजव्या कोपऱ्यातला फेस. त्याच्या खालोखाल डाव्या कडेला पाण्यात पडलेला आभाळाचा पांढरा पट्टा. तिसरी ती दगडातली रेघ. पान बिचारं चौथ्या नंबरला, आणि ते पण दगडाच्या वाळलेल्या करड्या भागावर, म्हणजे पिवळ्याला उठाव यायला शेजारी गडद काही नाहीच. जागेवर तुम्ही फक्त पान बघत होता आणि बाकीचं मनानं आपोआप गाळून टाकलं, कॅमेऱ्याला ते गाळणं जमत नाही.

आता रेघेचं बोलू, कारण खरा माल तिथं आहे. आपला हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो थंड होताना आत बुडबुड्यांच्या पोकळ्या आणि भेगा राहिल्या आणि त्यात पुढं कॅल्साइट, झिओलाइट, गारगोटी असं काय काय भरत गेलं (आपल्या सावद्याचं नाव खनिजं जमवणाऱ्यांना त्या झिओलाइटमुळंच माहीत असतं). काळ्या ओल्या दगडावर अशी पांढरी रेघ मिळणं म्हणजे आयती रेषा मिळणं, कोकणातल्या वाळूत ती शोधून सापडत नाही. पण तुमच्या फोटोत ती डाव्या खालच्या कोपऱ्यातनं, अगदी कोपऱ्याच्या टोकातनंच बाहेर पडते, त्यामुळं नजर तिच्यावर चढली की सरळ घसरून फोटोच्या बाहेर. कॅमेरा वीतभर उजवीकडं सरकवून जरा खाली आणला असता तर तीच रेघ डाव्या कडेच्या मधल्या भागातनं आत आली असती आणि पानाशी येऊन थांबली असती.

फेसाचं काय करायचं? थांबायचं. फेस काठाला फिरत असतो, वारा आला की सरकतो, दोन-चार मिनिटं गप बसलं की तो आपणहून कडेबाहेर जातो, किंवा पानाच्या जवळ येतो आणि मग तोच फोटोचा भाग होतो. आभाळाच्या पट्ट्यासाठी पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावून फिरवायची, चमक कापणारी काच. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशातनं तिरकं बघताना त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, सरळ वरनं खाली बघितलं तर तो जवळजवळ काहीच करत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत आणि मग लोक म्हणतात फिल्टर फसवा निघाला. ओल्या दगडावरची चमक पण तो काढतो आणि खालचा खरा रंग वर येतो. फक्त सगळी चमक काढली की दगड ओला वाटतच नाही, म्हणून फिरवत फिरवत थोडी चमक राहील असं थांबा. बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं), म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात हलण्याची भीती वाढते, तेवढं लक्षात ठेवा.

हाती असलेला फोटो पण वाया गेला नाहीये. वरनं आणि उजवीकडनं कापा, लांबट चौकट सोडून ४:५ करा म्हणजे फेसाचा गोळा जातो. कोपऱ्यातनं जाणारी रेघ खालनं बोटभर कापली की कोपरा सुटतो. डावीकडचा पट्टा थोडा गडद करा, पान अगदी किंचित उजळ. पट्टा जर पूर्ण पांढरा होऊन जळलेला असेल तर त्याच्या नादी लागू नका, जळलेलं पांढरं गडद केलं की नुसतं राखाडी दिसतं, ते आणखी वाईट.

प्रश्न (अमळनेर): भाऊ, मी कॉलेजला आहे. कॅमेरा नही, मोबाईलवर चालस का? बोरी नदीवर जातो मित्रांसोबत, जवळनं फोटो काढला की माझीच सावली येते आणि कडेची वस्तू वाकडी दिसते.

उत्तर: चालस ना भो! या विषयाला तर मोबाईल काही ठिकाणी कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा पडतो, कारण तो चिखलापासून दोन बोटांवर नेता येतो आणि खराब झाला तर काय या भीतीनं हात थरथरत नाही (थरथरतो, पण कमी). तुझी अडचण वेगळी आहे. फोन एकदम जवळ नेला की बरेच फोन आपोआप मॅक्रो मोडवर (अगदी जवळनं काढायच्या सेटिंगवर) जातात आणि मॅक्रोसाठी बहुतेक फोनमध्ये अल्ट्रावाइड (फार रुंद दृश्य टिपणारी) लेन्सच वापरली जाते, त्यामुळं कडा ताणल्यासारख्या होतात, फोन वस्तूच्या डोक्यावर येतो आणि त्याची सावली पडते. तर मॅक्रो बंद कर, दोन पावलं मागं ये आणि २एक्स किंवा ३एक्स झूमवर काढ. दृश्य चपटं होईल, आणि इथं आपल्याला चपटंच हवंय, कारण आपण दगड-पाणी-चिखल यांच्या आकारांची मांडणी करतोय, खोली दाखवत नाहीये.

दुसरं, स्क्रीनवर बोट दाबून धर म्हणजे फोकस आणि एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) लॉक होतं, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी कर. काळा दगड, काळा चिखल बघितला की फोन घाबरून सगळं उजळवतो आणि पाण्यावरची चमक जाळून टाकतो. पोर्ट्रेट मोडला हात लावू नको, तो लव्हाळ्याची पाती अर्धी धूसर अर्धी स्पष्ट अशी कशीही कापतो. पोलरायझर नसेल तर पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरून फिरवून बघ, रंग जरा बदलेल पण चमक जाते. आणि मित्रांना सांग, फोटो होईपर्यंत पाण्यात दगड टाकू नका रे.

प्रश्न (जळगाव, आणि जवळपास असाच शिरपूरहून): आपल्याकडे ऊन इतकं कडक की नऊ वाजल्यानंतर सगळं पांढरं आणि काळं. मेहरूण तलावावर सकाळी सहाला जातो पण तेवढ्यात काय होणार? उन्हाळ्यात तर पारा ४५ च्या पुढं. मग आम्ही फोटो काढायचेच नाहीत का?

उत्तर: काढायचे की. छोट्या दृश्याची मजाच ही की सगळ्या नदीवर सावली नसली तरी चालतं, तुम्हाला सावली हवी फक्त हातभर जागेवर. घरातलं जुनं पांढरं धोतर न्या, दोघांनी दोन टोकं धरून उन्हावर ताणलं की खाली मऊ उजेड मिळतो, विकतचा डिफ्यूजर वेगळं काही करत नाही. छत्री पण चालते, पण काळ्या छत्रीखाली उजेड मेल्यासारखा होतो. एकच काळजी, चौकटीत जेवढं दिसतंय तेवढं सगळं सावलीत हवं, एक कोपरा जरी उन्हात राहिला तरी फोटो त्या कोपऱ्याचाच होतो.

पण धोतरापेक्षा चांगला उपाय नदीनंच करून ठेवलाय. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणजे तिचा एक काठ दक्षिणेला आणि एक उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं झुकलेला असतो, आपण २१ अंश अक्षांशावर आहोत, डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पण तो क्षितिजापासून साधारण ४५ अंशच वर येतो. त्यामुळं दक्षिण काठाला जिथं मातीची उभी दरड आहे तिच्या पायथ्याला दुपारी पण सावली असते, आणि समोरचा उत्तर काठ मात्र उन्हात न्हालेला. आता सावलीतल्या पाण्याजवळ खाली बसा, कॅमेरा अगदी पाण्यालगत आणा आणि समोरच्या काठाकडं तोंड करून लहान लाटांवर बघा. समोरच्या पिवळ्या मातीचा सोनेरी रंग लाटांच्या एका अंगावर आणि आभाळाचा निळा दुसऱ्या अंगावर. भर दुपारी बारा वाजता असा रंग मिळतो आणि लोक त्यावेळी हॉटेलात बसलेले असतात. पात्र जितकं अरुंद तितकं हे जास्त चांगलं दिसतं, रुंद पात्रात समोरचा काठ लांब पडतो आणि सोनेरी पट्टा बारीक होत जातो. सातपुड्यातनं उतरणाऱ्या सुकी, अनेर, गोमाई या साधारण उत्तरेकडनं दक्षिणेकडं येतात, तिथं सकाळी पूर्वेचा काठ सावलीत आणि पश्चिमेचा उन्हात, संध्याकाळी उलटं. इथं पोलरायझर काढून ठेवा, नाहीतर ज्याच्यासाठी बसलात तेच प्रतिबिंब तो पुसून टाकेल.

सावलीतले फोटो निळसर येतात कारण तिथं उजेड फक्त आभाळाचा असतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) शेडवर, म्हणजे सावलीच्या सेटिंगवर ठेवा किंवा नंतर ७००० केल्विनच्या आसपास आणा, पण निळा पूर्ण मारू नका, पाण्याला थोडा राहू द्या.

आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर एक विषय उन्हाळ्यातच मिळतो. धरणाचं पाणी उतरत जातं तसतशा गाळावर पायऱ्या पडत जातात, पाणी एका ठिकाणी थांबलं की लाटा तिथं बारीक कड कोरतात, मग आणखी खाली, मग आणखी खाली. वरच्या पायऱ्यांवर गाळ वाळून भेगाळलेला, मधल्या ओलसर, खालची चकचकीत. सूर्य उगवल्या उगवल्या अर्धा तास उजेड आडवा येतो तेव्हा प्रत्येक पायरीला आपली सावली असते, तेवढ्यातच काढायचं, नंतर ते सगळं सपाट दिसतं. यात आणखी काही घालायची गरज नाही, एखादा शिंपला असला तर ठीक, नसला तरी ठीक.

प्रश्न (शहादा): तापीकाठच्या प्रकाशा गावात घाटाखाली फोटो काढताना मी पक्ष्याचं एक पीस उचलून दगडावर ठेवलं आणि छान फोटो आला. क्लबमध्ये एकानं विचारलं हे तिथं होतं का, मी गप्प बसलो. वस्तू हलवणं चूक आहे का? आणि घाटावर झेंडूची फुलं, द्रोण, वातीची राख असतेच, ते निसर्गात धरायचं का?

उत्तर: चूक-बरोबर नंतर, आधी फोटो म्हणून बघू. ठेवलेली वस्तू ओळखू येते हो. पाण्यानं आणलेलं पीस कुठंतरी अडकलेलं असतं, ओलं असतं, त्याच्या दांड्याला गाळ लागलेला असतो, एका बाजूला दोन काड्या पण चिकटलेल्या असतात. तुम्ही ठेवलेलं पीस कोरडं, फुगीर आणि दगडाच्या बरोबर उंचवट्यावर आहे, पाणी तिथं पोचतच नाही. म्हणून क्लबमधल्या माणसाला शंका आली.

माझ्यापुरतं मी असं धरतो की काढून टाकलेलं चालतं, आणून ठेवलेलं नाही. गुटख्याची पुडी उचलून खिशात घातली तर नदीचं पण भलं. पण स्पर्धेत नेचर विभागाला पाठवणार असाल तर तिथले नियम बघूनच. फियाप (फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या नेचरच्या व्याख्येत क्रॉप सोडून फोटोतली कुठलीच वस्तू एडिटिंगमध्ये घालायची, हलवायची किंवा पुसायची परवानगी नाही, आणि माणसाच्या हातची वस्तू पण निसर्गाच्या कथेचा भागच असेल तरच चालते. म्हणजे मोबाईलमधल्या त्या जादूच्या खोडरबरानं काडी पुसली की फोटो नेचरमधनं बाद. झेंडूवाला फोटो पण तिथं नकोच, ओपन विभागात पाठवा. मला विचाराल तर झेंडू राहू द्या. प्रकाशाला, चांगदेवला काठावर झेंडू नसेल तर तो काठ खोटा वाटतो. पाण्यात दोन दिवस राहिलेला झेंडू कडेनं तपकिरी होऊन पाकळी-पाकळी सुटतो आणि पाकळ्या दगडाच्या खाचेत रांगेनं जाऊन बसतात, ताज्या हारापेक्षा ते कितीतरी चांगलं दिसतं, आणि रंग पण ओरडत नाही.

एक गोष्ट मात्र विचारली नाहीत तरी सांगतो. फेब्रुवारी-मार्च लागला की टिटवी, नदी सुरय हे पक्षी उघड्या वाळूवर-गोट्यांवर अंडी घालतात, घरटं असं काही नसतंच, गोट्यांमध्ये गोट्यांसारखी अंडी. आपण खाली बघत बघत चालणारी माणसं, पण आपली नजर रंगावर-रेषेवर असते आणि पाय कुठंही पडतो. पक्षी डोक्यावर येऊन ओरडायला लागला की मागं फिरायचं. अंड्यांचा फोटो काढायला थांबू नका, आपण थांबलो तेवढा वेळ ती उन्हात उघडी पडतात, आणि आपलं ऊन काय आहे ते वर लिहिलंच आहे.

प्रश्न (चाळीसगाव): पाटणादेवीच्या ओढ्यावर ट्रायपॉड लावून एफ/२२ ठेवलं, सगळं स्पष्ट यावं म्हणून, तरी सगळंच थोडं मऊ आलं. पाणी पण दुधासारखं झालं.

उत्तर: एफ/२२ म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक, त्यामुळंच मऊ आलं. छिद्र फार बारीक केलं की उजेड कडेला वाकून पसरतो आणि सगळीच तीक्ष्णता जाते, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. एफ/८ ते एफ/११ वर राहा आणि स्पष्टता छिद्रातनं मिळवायच्या ऐवजी कॅमेऱ्याच्या कोनातनं मिळवा, म्हणजे दगडाचा जो पृष्ठभाग महत्त्वाचा आहे त्याला सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याची पाठ, समांतर करा. दगड उतरता असेल तर कॅमेरा पण तेवढाच वाकवा. तरी नाहीच जमलं तर दोन-तीन फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून नंतर जोडता येतात, फक्त त्यात वाहतं पाणी किंवा हलणारं गवत असलं की जोड फसतो.

पाण्याचं म्हणाल तर लहान ओढ्याला पाव सेकंद ते अर्धा सेकंद भरपूर होतो, रेषा राहतात आणि प्रवाह कळतो. दहा सेकंदांचं दूध मला तरी कधी आवडलं नाही, कुठल्या ओढ्याचं आहे तेच कळत नाही.

प्रश्न (धुळे): आमच्याकडे ग्रुपवर असे फोटो टाकले की म्हणतात यात लँडस्केप कुठंय, लळिंगचा किल्ला टाक.

उत्तर: लळिंग पण टाका, त्यात वाईट काय. पण त्यांना एवढं सांगा की एलियट पोर्टर नावाच्या अमेरिकन माणसानं, जो शिक्षणानं डॉक्टर होता, कित्येक वर्षं पानं, शेवाळ, ओढ्याकाठचे दगड यांचे रंगीत फोटो काढले आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्याचं प्रदर्शन भरवलं. क्षितिज नसलेला, आभाळ नसलेला लँडस्केप असतो हे तेव्हाच मान्य झालंय, ग्रुपवर बातमी पोचायला उशीर लागला एवढंच.

प्रश्न (भुसावळ): मी रेल्वेत आहे, ड्युटीनंतर वेळ मिळतो तेव्हा लाइटरूमवर (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर) बसतो. काळे दगड राखाडी येतात, मग कॉन्ट्रास्ट वाढवतो, मग क्लॅरिटी, मग सॅच्युरेशन, आणि शेवटी कॅलेंडरसारखं काहीतरी होतं. एडिटिंग कुठं थांबवायचं?

उत्तर: सुरुवात कुठनं करायची ते आधी. दगड राखाडी येतो कारण कॅमेऱ्याचं मीटर समोर जे काही आहे ते सरासरी करडं धरून चालतं, चौकट सगळी काळ्या दगडानं भरली की त्याला वाटतं अंधार आहे आणि तो एक-दीड स्टॉप जास्त उजेड घेतो. म्हणून काढतानाच एक्सपोजर कॉम्पेन्सेशन वजा १ च्या आसपास ठेवा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) डावीकडं सरकलेला दिसेल, दिसू द्या, दगड काळाच आहे. फेस किंवा पाण्यावरची चमक जळत नाहीये ना तेवढं बघा. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये) काढत असाल तर पुढचं सगळं सोपं.

मग संगणकावर पहिल्यांदा कडा बघा. स्लायडरला हात लावायच्या आधी फोटोच्या चारी कडांवरनं बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा, कुठं अर्धी काडी आत घुसलीय, कुठं दगडाचं टोक कडेला नुसतं टेकलंय, कुठं कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आहे. टेकलेलं सगळ्यात वाईट. एकतर दगड नीट आत घ्या नाहीतर स्पष्टपणे कापा, कडेला नुसता चिकटलेला दगड सारखं लक्ष वेधतो. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या फोटोंमध्ये मधला भाग चांगला आहे आणि कडांवर कचरा आहे, हे रागावून नाही सांगत, हे जवळजवळ सगळ्यांचंच असतं.

मग ब्लॅकचा स्लायडर खाली, जिथं दगडाची सर्वात खोल भेग आहे तिथंच फक्त पूर्ण काळं येईल इतपत. सगळ्या फोटोला कॉन्ट्रास्ट देऊ नका, कारण तो कडेच्या फालतू गोष्टींना पण मिळतो. त्यापेक्षा मास्क घेऊन, म्हणजे तेवढाच भाग निवडून, विषयाच्या भागाला किंचित उजेड आणि बाकीच्याला किंचित अंधार द्या, इतका किंचित की चालू-बंद केल्याशिवाय कळू नये. क्लॅरिटी ओल्या दगडाला दिली की तो कोरडा आणि खरखरीत दिसतो, ओलेपणा हा मऊ चमकेतनं येतो, तीच क्लॅरिटी मारते. सॅच्युरेशन पूर्ण फोटोला वाढवलं की शेवाळ प्लास्टिकचं होतं, कमी करून बघा कधीतरी, आपल्या नदीचे रंग मुळातच काळा, खाकी, थोडा हिरवा एवढेच आहेत आणि त्या तीनमध्ये पिवळं पान आलं की तेच भरपूर बोलतं.

थांबायचं कुठं याचा माझा उपाय, फोटो उलटा करा, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि लहान करून टपाल तिकिटाएवढा बघा. उलट्या फोटोत दगड-पाणी ओळखू येत नाही, नुसते उजेड-अंधाराचे तुकडे दिसतात. नजर पहिल्यांदा जिथं गेली तिथं तुमचा विषय आहे का? असेल तर थांबा. नसेल तर जिथं गेली तो तुकडा गडद करा नाहीतर कापा. आणि ड्युटी करून आल्यावर रात्री बारा वाजता केलेलं एडिटिंग त्याच रात्री कुठं टाकू नका, सकाळी बघितल्यावर अर्धे स्लायडर मागं घ्यावेसे वाटतात.

प्रश्न (नंदुरबार): प्रिंट काढली तर फारच काळी आली. लॅबवाला म्हणतो तुमची फाईलच तशी.

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आपण स्क्रीनची ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून परत बघा, मग फाईल उजळवा. लॅबला ऑटो करेक्शन बंद करायला सांगा, नाहीतर त्यांचं मशीन काळा दगड बघून परत राखाडी करून देईल, आणि आधी लहान ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून घ्या. कागद मॅट, चकचकीत कागदावर ओल्या दगडाची चमक आणि खोलीतल्या बल्बची चमक यांची भांडणं होतात.

प्रश्न (पाचोरा): नवीन शिकणाऱ्यानं कुठं जायचं? जवळपासच्या जागा सांगा.

उत्तर: गिरणा दारात असताना जागा विचारताय! तिथली वाळू, ओलसर भागातले लाटांचे ठसे, पाणी हटल्यावर उरलेली डबकी, हे नवशिक्याला पहिलं पुस्तक म्हणून पुरेसं आहे. त्याच्या पुढं जायचं तर जळगावजवळ रामेश्वरला तापी-गिरणेचा संगम आहे, दोन पाण्यांचे रंग वेगळे असतात तेव्हा मिळतो तो विषय वेगळाच. चांगदेवला तापी-पूर्णा, शिंदखेड्याकडं मुडावदला तापी-पांझरा. कमळाची पानं हवी असतील तर एरंडोलजवळचं पद्मालय, पण तिथं सगळे फुलाच्या मागं असतात, तुम्ही कुजत चाललेल्या पानाच्या कडा बघा. थंडीत तोरणमाळचा यशवंत तलाव, गवतावर दव असेपर्यंत. एकच जागा धरून ठेवली आणि पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत परत परत गेलात तर सात जागा फिरण्यापेक्षा जास्त हाती लागेल, कारण पाणी उतरतं तसा काठच जागा बदलत असतो.

गिरणेत मात्र वाळू उपसलेले खड्डे असतात, वरनं गुडघाभर वाटणारं पाणी आत पुरुषभर निघतं, म्हणून गढूळ पाण्यात काठी टेकवल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि ट्रायपॉडचा पाय ही चांगली काठी असते. पावसाळ्यात हतनूरच्या खालच्या अंगाला पात्रात उतरूच नका. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि वर मध्य प्रदेशात, विदर्भात पाऊस झाला की ते उघडतात, आपल्याकडं तेव्हा कडक ऊन असलं तरी. त्या दिवसांत फोटो काढायचाच असेल तर शेतातली बांधाकडेची डबकी घ्या, तिथं पण आभाळ, चिखल आणि बेडकाची पिल्लं आहेत.